मंजुळाचा रोल

नाटकाच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात ते कपाटातल्या खोट्या मिशांसारखे. टाकवत कुणालाच नाहीत. राजाजीनगरातल्या आमच्या हौशी ग्रुपचा डायरेक्टर मी. मंजुळाचे किस्से पूर्वी मी खूप रंगवून सांगायचो. हल्ली सांगताना अडखळतो.

*

ती पहिल्यांदा तालमीला आली आणि नेमकी पुढच्या खुर्चीवर बसली. आमचा विनोदवीर जोशी जीव तोडून काम करतोय, आणि हिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. जोशी घामाघूम झाला, शेवटी वाक्यंच विसरला! तालीम संपल्यावर ती त्याला म्हणाली, "हसून हसून पोट दुखलं माझं."

मग तिनेच सांगितलं. मोबियस सिंड्रोम. जन्मापासूनच चेहऱ्याच्या नसा चालत नाहीत. हसू उमटत नाही, पापणी नीट मिटत नाही. जोशी बिचारा आठवडाभर तिची माफी मागत होता.

*

एचएसआर लेआउटमधल्या तिच्या ऑफिसात हजेरीचं नवं मशीन आलं. कॅमेऱ्यासमोर हसायचं, तरच दार उघडणार! मागे रांग खोळंबली. ही गार्डला म्हणाली, माझ्या वाटचं तूच हस. तो हसला, दार उघडलं, आणि हजेरी लागली गार्डची!

हे तिने आम्हाला गार्डचा, साहेबांचा, मशीनचा असे सगळे आवाज काढून सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. माझ्या डोक्यात मात्र तेव्हाही प्रकाश पडला नाही.

*

प्रॉम्प्टिंग तिच्याकडे. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी मिसळते, मला अण्णा म्हणते. दरवर्षी विचारायची, "अण्णा, मला स्वल्प काम द्या की." मी म्हणायचो, नाटक म्हणजे चेहऱ्याचं काम, पुढच्या वर्षी बघू. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', असं म्हणून ती पुन्हा विंगेत जायची. असं पाच वर्षं चाललं. मला लाज वाटते.

*

यंदा मावशीचा रोल तिला कबूल केला होता. दोन महिने ती पाठ करत होती. ऐन पहिल्या वाचनाला माझाच धीर सुटला. लोक काय म्हणतील! रोल मी ऋचा नावाच्या नव्या मुलीला दिला. मंजुळाने हातातली पानं मिटली.

ऋचा माझ्या कानाशी लागली, त्या रागावल्यात का? प्रत्येक नव्या माणसाला सांगायचो तसंच मी तिलाही मोठ्यांदा सांगितलं, "छे गं, तिचा चेहराच तसा आहे. राग नसतो तो."

मंजुळाने मावशीची पानं ऋचाच्या हातात दिली.

"आज आहे, अण्णा."