चार आलेखांखाली एकच ‘दिवस’

सरांना मी भ्यायचे. पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणजे यमच असं तेव्हा मला वाटे, आणि आमच्या सरांनी तो समज कधी खोटा पाडला नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशकात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि द्राक्षाच्या पानांवर ओलावा किती टिकतो यावर प्रबंध लिहीत होते. निफाडजवळ एका बागायतदार काकांच्या चार प्लॉटमध्ये ओलावा मोजणारी माझी यंत्रं होती. काका रोज सकाळी आकडे वहीत उतरवायचे आणि हंगाम संपला की एकेका प्लॉटचे फोनवर मला वाचून दाखवायचे.

प्रबंध लेटेक या संगणकावरच्या मजकूर-मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, तिथे चित्र हाताने सरकवता येत नाही. हुकूम टाइप करायचा आणि ते ऐकतंय का बघायचं. माझे आलेख ऐकत नव्हते. एक उंच, एक बुटका, चौथा थेट पुढच्या पानावर. सर म्हणाले, “चारही एकाखाली एक घे, एका रेषेत आण. आणि प्रत्येकाखाली तेच ते ‘दिवस’ कशाला? तळाशी एकदाच लिही.”

आण म्हणे! चार दुपारी त्यात गेल्या. रुंदी सारखी केली, वरच्या तिन्हींच्या अक्षावरचे आकडे काढून टाकले, तळाशी एकच ‘दिवस’. आणि बघते तर काय, चारही आलेखांतले ओलाव्याचे उंचवटे एकाच उभ्या रेषेत! मी हरखले. लगेच लिहून टाकलं की पानं भिजवणारं धुकं चारही प्लॉटवर एकाच दिवशी उतरलं, सबब बागेला एक यंत्र पुरे. सर पहिल्यांदाच ‘छान’ म्हणाले.

प्रबंध द्यायला तीन दिवस असताना काका फवारणीची औषधं घ्यायला नाशकात आले, ते द्राक्षं घेऊन कॉलेजात. मी कौतुकाने पान पुढे केलं. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले.

“मॅडम, हे चारी प्लॉट एकाच दिवशी छाटले का मी?”

“म्हणजे?”

“वहीतला दिवस छाटणीपासून मोजलाय ना. आमच्यात तसाच मोजतात. बेचाळिसावा म्हंजे त्या त्या प्लॉटचा बेचाळिसावा.”

मी बावळटाने पहिला दिवस सगळ्यांचा एकच धरला होता. आलेख वेगवेगळे होते तोवर खपलं. एका अक्षावर बसवले आणि ते खोटं झालं; धुकं तर चार प्लॉटवर चार वेगळ्या तारखांना उतरलं होतं.

आणि मी काय म्हणाले? “बघते, काका.” एवढंच. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला नि मी पान मिटून ठेवलं. काका ओशाळून हसले. “छापलंय म्हंजे बरोबर असंल. माझंच चुकलं असंल वहीत.”

तरी मी गप्प. लाज वाटते आज, पण गप्पच. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. जिन्यात सरांच्या चपला वाजल्या की मी उलट्या वाटेने निघायचे. वाटे, कुणाला कळतंय? ‘दिवस’ हा शब्द तर खोटा नाही! लगेच वाटे, कुणी खरंच अख्खी बाग एका यंत्रावर सोडली आणि डाऊनी हा ओल्या पानांवरचा बुरशीचा रोग पडला तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांपुढे उभी राहिले आणि सगळं ओकले. सरांनी पान बघितलं, मग माझ्याकडे. “मूर्ख आहेस. छाटणीच्या तारखा वहीत असतील ना? मग रडतेस काय? दिवसांच्या जागी तारखा घाल आणि चारही पुन्हा काढ. मुदत मी मागतो.”

मी फोनकडे धावलेच. “काका, तुमचं बरोबर होतं, चूक माझी! छाटणीच्या तारखा तेवढ्या वाचून दाखवा.”

काका हळू म्हणाले, “तारखा नाय राहिल्या ओ. तुमच्याकडून आलो नि खरवडल्या ब्लेडनं. चारींना एकच टाकली. नक्की कोणती कधी, आता नाय आठवत.”

“का पण, काका?”

“वही तुमच्या पुस्तकाशी जुळायला नको का, मॅडम? साहेब लोक तपासायला आले, तर माझ्यामुळं तुमचं वाईट नको व्हायला.”