सांगजो वाऱ्या

मांजर आडवं गेलं तरी चप्पल घालून पुढे निघणारी बाई मी. अकोल्यातल्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. कुणी असले अनुभव सांगू लागलं, की आधी वायरिंग, वारा, अंगातला ताप... काही ना काही शोधायचेच. त्यामुळे आज हे मीच लिहितेय, याचं मलाच नवल वाटतंय.

कॉलेजसाठी मी अमरावतीला होस्टेलवर होते. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं रोज रडायचे. माझी रूममेट माला नांदगाव खंडेश्वरकडची, शेतकऱ्याघरची. एका संध्याकाळी लाइट गेले म्हणून आम्ही गच्चीवर बसलो होतो.

"काहून रडून राहिली वं? थांब, तुह्यासाठी गानंच बांधतो," ती म्हणाली. आणि तिथल्या तिथे तिनं म्हटलं —

सांगजो वाऱ्या माह्या घरी,
पोर तुमची हाय बरी.

एवढंच. पण होस्टेलची सगळी वर्षं आम्ही ते म्हटलं... कपडे वाळत घालताना, मेसच्या रांगेत. पुढे माझं लग्न झालं, माला परतवाड्याला दिली, भेटी थांबल्या. गाणं मात्र राहिलं. पोळ्या लाटताना कधी ओठावर यायचं, आणि ती गच्ची, मालाचे तेल लावलेले केस, सगळं समोर उभं राहायचं.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हे वकील, दिवसभर बोलणारा माणूस. जीव वाचला, पण वाचा गेली. घरी आणल्यावर जेवणावरचं मनही उडालं. ताट पुढे केलं, की भिंतीकडे तोंड करायचे. मी विनवायचे, रागवायचे, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

उन्हाळ्यातली दुपार होती. मी स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होते. बाहेरच्या खोलीतून जड, अडखळता आवाज आला. "सांगजो वाऱ्या माह्या घरी..."

मी धावले. हे गात होते! मी ह्यांचा हात धरून उभी राहिले. पहिल्या दोन ओळी संपल्या आणि न थांबता ह्यांनी पुढे म्हटलं —

सांगजो वाऱ्या त्या गेल्याले,
जेवून घेतो मी येळेले.

या ओळी मी कधीच ऐकल्या नव्हत्या.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "होतं असं. बोलणं गेलं तरी गाणं राहू शकतं. गाऊ द्या त्यांना." पहिलं कडवं माझ्याकडून ऐकलं असेल, हे मलाही पटलं. पण दुसरं? हे जन्मात कधी वऱ्हाडी बोलले नाहीत. माझ्या तोंडून 'मले' निघालं तरी हसायचे.

जुन्या मैत्रिणींकडून मालाचा नंबर मिळवला. कितीतरी वर्षांनी आवाज ऐकला. थोडं बोलणं झाल्यावर मी त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या.

"हे तुले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"का गं?"

"मागच्या पोळ्याले आमचे हे गेले. तवा बांधलं. जेवाले बसलं की मनातल्या मनात म्हनतो. पोरीलेबी कधी आयकवलं नाही वं..."

मग आम्ही दोघी फोनवर रडलो. मी ह्यांचं सांगितलं. तिला भीती नाही वाटली, उलट म्हणाली, "बरं झालं. कोनाच्या तरी कामी आलं."

कारण त्या दुपारपासून हे जेवायला लागले होते. हळूहळू एकेक शब्दही येऊ लागला. परवा मला धीर झाला. वरणभात कालवून देता देता विचारलं, "अहो, ते दुसरं कडवं कुठे ऐकलंत?"

हे माझ्याकडे बघतच राहिले, मी थट्टा करतेय असं वाटल्यासारखे.

"तूच... म्हणत होतीस," म्हणाले. "दवाखान्यात... आयसीयूत. उशाशी... बसून."

मी मान डोलावली आणि घास पुढे केला. ह्यांना काय सांगणार? आयसीयूत हे बेशुद्ध होते, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून होते. त्या सगळ्या दिवसांत मला एकदाही आत सोडलं नव्हतं.