मोलीबेन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सातपूरच्या कृषी सेवा केंद्रात मी सल्ले देतो. तिथे एक फ्लॉवरवाले मामा येतात. मॉलिब्डेनम या सूक्ष्म खताला ते 'मोलीबेन' म्हणतात, जणू शेजारची गुजराथी वहिनीच. पुडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावतात.

गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, "साहेब, फ्लॉवर सुधारला. हे गाईच्या घासावर मारलं तर चालंल का?"

मी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणालो, "मारा की."

फ्लॉवरला हे चिमूटभर लागतं. पण चाऱ्याच्या घासात जास्त झालं की गाईच्या अंगातलं तांबं निकामी होतं, हे मला पाठ होतं.

दोन महिन्यांनी मामा हसत म्हणाले, "काळीच्या डोळ्यांभोवती पांढरा चष्मा आलाय. लय शिकली वाटतं. पण हगवण थांबत नाय, दूधबी आटलं."

मला कारण लगेच कळलं. मी म्हणालो, "उन्हाचं असेल."

गाय गेली. परवा मामा मला फ्लॉवरचा गड्डा देऊन गेले. म्हणाले, "तुम्ही हाय म्हणून इचारता तरी येतं."

गड्डा घरी नेला, भाजी खाल्ली. मामांना एक वाक्य मी अजून देणं लागतो: काळी उन्हानं नाही, माझ्या सल्ल्यानं गेली.