रांगेतले हंडे

दुष्काळात टँकर येईपर्यंत रांगेत बायकांऐवजी त्यांचे हंडेच नंबर धरून असायचे. माझ्या सात वर्षांच्या स्वमग्न लेकीनं एकदा ते सगळे हंडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावले. कुणाचा नंबर कुठं, कळेना. बायका माझ्यावर तुटून पडल्या. तिचे वडील दूध सोसायटीत कामाला. घरी येऊन म्हणाले, "एक लेकरू सांभाळता येत न्हाई तुला?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीला सोसायटीत त्यांच्यापुढं बसवून आले. तासाभरात ते तिला घेऊन परतले, घामाघूम. तेव्हापासून लेकीला माझ्याजवळ घरी ठेवून टँकरला तेच जायला लागले.

बायका म्हणायच्या, "नवरा लई गुणाचा हाय गं तुझा."

लेकीला सांभाळण्यापेक्षा त्यांना रांगेतली भांडणं सोपी वाटतात, हे एकीलाही दिसलं नाही.