हात न सोसणारी घोडी

नारिनच्या डोंगरात कदिरकुलने चाळीस वर्षं घोड्यांना खरारा केला. मालकाचा हात न सोसणारं घोडं ठेवायचं नाही, हिवाळ्याच्या मांसासाठी कापायचं, ही तिथली रीत. गेल्या हिवाळ्यात त्याची लाडकी घोडी तोरू ब्रश टेकताच दचकून लाथा झाडू लागली. अकरा वर्षं ती त्याच्या हाताखाली निवांत उभी राहिली होती. त्याने महिनाभर वाट पाहिली. मग रीत पाळली आणि मांस शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलं.

यंदा नवा घोडाही तसाच बिचकला. कदिरकुलने शिवी हासडली, तशी सून आयचुरोक हसली.

“बाबा, त्याला कशाला बोल लावता? एवढी कोरडी थंडी, त्यात तुमचं नायलॉनचं जॅकेट आणि हा प्लॅस्टिकचा ब्रश. केस विंचरताना मलाही असाच झटका बसतो.”

जॅकेट आणि ब्रश, दोन्ही मुलाने गेल्याच वर्षी शहरातून पाठवले होते.

तिने त्याला जुना लोकरी कोट घालायला लावला, घोड्याच्या केसांचा जुना ब्रश ओलसर करून दिला. “आधी उघडा हात मानेवर ठेवा. मग घासा.”

घोडा शांत उभा राहिला. त्याचे डोळे मिटू लागले. कदिरकुलचा हात मात्र थांबला.

संध्याकाळी तो शेजारच्या एसेंतुरकडे गेला.

“तोरूत खोट नव्हती,” तो म्हणाला. “झटके मीच देत होतो.”

“असेल, दादा. पण मांस झकास होतं हो,” एसेंतुर हसून म्हणाला आणि त्याने चहा ओतला.

कदिरकुल चहाची वाटी धरून बसला. चहा तसाच निवून गेला.