सोडियमला पाणी देऊ नका

आमच्या घरात विज्ञानातलं काहीही अडलं तरी मला कोणी विचारत नाही. भाचीला प्रयोगवही पुरी करायची असली की ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघते आणि थेट स्वयंपाकघरात माझ्या आत्याकडे जाते. याच्यामागे एक जुनी गोष्ट आहे. घरातला प्रत्येक जण ती आपापल्या पद्धतीने सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मूर्ख मीच ठरते. तेव्हा एकदा माझी मीच सांगून टाकलेली बरी. निदान मूर्खपणा तरी व्यवस्थित सांगितला जाईल.

मी दहावीला होते. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. आत्या, म्हणजे बाबांची सगळ्यांत धाकटी बहीण, तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तीही दहावीला होती. म्हणजे बाकीच्या विषयांत ती केव्हाच सुटली होती, एकटं विज्ञान राहिलं होतं. तीनदा बसली, तीनदा गेलं. मग आजी आजारी पडली, ती जाईपर्यंत घर आत्याने सांभाळलं आणि विज्ञान तिथेच राहून गेलं.

त्या वर्षी गावात बालवाडी निघणार होती. बाई म्हणून आत्याला घ्यायला सरपंच तयार होते, पण अट होती दहावी पासची. जूनमध्ये निकाल लागेपर्यंत जागा ठेवतो, म्हणाले. त्यानंतर त्यांच्या मेव्हणीची मुलगी होतीच, ती पास होऊन बसली होती. आत्याला ती जागा किती हवी होती हे ती कधी बोलली नाही. फक्त बाजारातून येताना बालवाडीच्या बंद खोलीशी थांबायची, खिडकीच्या गजांना धरून आत बघायची आणि आत काहीच नसताना बराच वेळ बघत राहायची.

नालासोपाऱ्याला एक नवा क्लास निघाला होता. तिला तिथे घालावं असं बाबांच्या मनात होतं. आजोबांनी साफ मोडता घातला. घरात एवढी हुशार नात असताना बाहेर कशाला? त्याला कारण घडलं होतं. पूर्वपरीक्षेत विज्ञानात मी वर्गात दुसरी आले होते आणि तेव्हापासून घरात मी चष्मा नसताना चष्मा लावल्यासारखी वावरत होते. चहा गाळतानासुद्धा "हे गाळण" असं म्हणायचे. आत्या मला मास्तरीणबाई म्हणायला लागली. त्यातला टोमणा मला पुढे दोन वर्षांनी कळला.

शिकवणी सुरू झाली. भौतिकशास्त्र ओटीवर चालायचं, कारण तरफांचे तिन्ही प्रकार तिथेच होते. आजोबांचा अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ, भार मध्ये. हे मी इतक्यांदा सांगितलं की आजोबा सुपारी कातरता कातरता मध्येच थांबून "भार मध्येच आहे ना गं?" असं विचारायला लागले. जीवशास्त्र आईच्या हद्दीत होतं. माशाच्या हृदयाला दोन कप्पे असतात हे दाखवायला मी एक मोठा मासा आत्यासमोर ठेवला, पुस्तक उघडलं आणि सुरी चालवली. पोटातलं सगळं एकमेकांत कालवलं गेलं. आत्याने माझ्या हातातून सुरी घेतली, दुसरा मासा ओढला, कल्ल्याखाली बोट घातलं आणि वाटाण्याएवढं हृदय तळहातावर काढून ठेवलं. म्हणाली, "आता सांग, याचं काय असतं." मी पुस्तकात बघून सांगितलं. त्या दिवशी कालवण दुपारी तीनला झालं आणि आईने जीवशास्त्राला घराबाहेर काढलं.

अडलं ते रसायनशास्त्रात. पहिली वीस मूलद्रव्यं आत्याच्या डोक्यात काही केल्या राहीनात. मी तिला गाण्यात घालून शिकवली, जेवताना शिकवली, वेणी घालताना शिकवली. ती बोरॉनपर्यंत यायची आणि तिथून थेट कॅल्शियमला पोचायची. आणि हीच बाई, आमच्या वाडीतल्या, म्हणजे बागायतीतल्या, कुठल्याही केळीपाशी उभी केली तर ती कोणी लावली, कंद कुठून आणला, मागच्या वेळी घड कधी उतरवला, सगळं धडाधड सांगायची. एकदा तसं सांगत असताना माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आजही मला वाटतं की कल्पना वाईट नव्हती. ती माझ्या डोक्यात यायला नको होती, एवढंच.

विहिरीच्या मागच्या तुकड्यातल्या वीस केळी मी निवडल्या. केळी ओळीत होत्याच. पहिल्या ओळीतल्या दोन धरल्या, दुसरीतल्या आठ, तिसरीतल्या आठ, चौथीतल्या दोन. पुस्तकातल्या आवर्त सारणीचा वरचा भाग अगदी तसाच दिसतो. आजोबांच्या पानाचा चुना कालवला आणि प्रत्येक केळीच्या खोडावर एकेक चिन्ह काढलं. पाटाच्या कडेला एकाखाली एक लिथियम, सोडियम, पोटॅशियम आले. दुसऱ्या ओळीच्या मधोमध नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी. तिसऱ्या ओळीच्या टोकाला क्लोरीन, आणि त्याच्याही पुढे, कुंपणाला टेकून, आरगॉन. तो कोणाशी संबंध ठेवत नाही म्हणून त्याला कुंपण दिलं.

आत्याला चार दिवसांत सगळी मूलद्रव्यं पाठ झाली. घरालाही झाली. काका संध्याकाळी येऊन सांगायचे की फॉस्फरसला वानर येऊन गेलं. आई म्हणायची, कार्बनची पानं आण गं दोन, पातोळ्या करायच्यात. मी परीक्षेची तयारी म्हणून पुस्तक मिटून ठेवलं आणि रोज सकाळी वाडीतून एक फेरी मारायला लागले. डोळे मिटले की वाडी दिसायची, वाडी दिसली की सारणी. पुस्तकाची गरजच काय होती?

फेब्रुवारीच्या शेवटी आजोबांच्या लक्षात आलं की पाटाकडच्या तीन केळी माना टाकून उभ्या आहेत. पाटाच्या अगदी कडेच्या, म्हणजे पाणी आधी त्यांनाच मिळायला हवं. वाडीला पाणी लावायला चांदीपहून एक म्हातारी यायची. आजोबांनी तिला बोलावून विचारलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुमच्या पोरीनं सांगितलं, या तिघांना पानी लागलं का जाळ होतो," ती म्हणाली. "मी पंधरा दिस माती लावून पानी वळवून नेलं. वाडी पेटली असती तर कोन विझवनार होतं, ती?"

मी सांगितलं होतं हे खरं. सोडियमचा पाण्याशी कसा संयोग होतो ते आत्याला समजावत होते आणि म्हातारी शेजारी उभी होती. तीही इतकं मन लावून ऐकत होती की मी जरा जास्तच रंगवून सांगितलं. आजोबांनी अडकित्ता उघडला, मिटला आणि म्हातारीला म्हणाले की आजपासून सगळ्यांना पाणी द्यायचं, पेटलं तर मी बघतो. तरीही ती पुढे कित्येक दिवस सोडियमला पाणी सोडून दोन पावलं मागे उभी राहायची.

पेपराच्या आदल्या दिवशी पापडी गावातले एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांच्याकडे लग्न होतं आणि मांडवाच्या दाराला केळीचे खांब हवे होते, घडासकट. असे खांब नेहमी आमच्या वाडीतूनच जायचे. काका कोयता घेऊन गेले आणि सगळ्यांत सरळ, भरल्या घडाच्या दोन केळी बघून तोडल्या. वाटेत बैलगाडीत एखादी मोडली तर हाताशी असावी म्हणून तिसरीही तोडली. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि क्लोरीन. खोडावरची अक्षरं तशीच ठेवून त्या पापडीला गेल्या. नवरा-नवरी नायट्रोजन आणि ऑक्सिजनमधून मांडवात गेली असणार. हवेतून गेल्यासारखीच, असं काका अजून म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची फेरी मारायला गेले तेव्हा मला काही वेगळं जाणवलं का? जाणवलं. वाडी जरा मोकळी वाटली. उजेड छान आला होता. मी डोळे मिटून तो सगळा देखावा मनात साठवला आणि पेपरला गेले.

केंद्र वसईत होतं. आत्या वेगळ्या वर्गात, मी वेगळ्या. प्रश्नपत्रिकेत रसायनशास्त्राचा एक मोठा प्रश्न होता. अणुक्रमांक अकरा आणि सतरा असलेली मूलद्रव्यं ओळखा, त्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा, त्यांच्यापासून कोणतं संयुग तयार होतं आणि त्याचे उपयोग काय ते लिहा. मला हसू आलं, इतका तो सोपा होता. मी डोळे मिटले, विहिरीपासून सुरुवात केली आणि केळी मोजत निघाले. अकरावी केळ अॅल्युमिनियमची आली. सतरावी, म्हणजे अगदी शेवटची, कॅल्शियमची. विसाच्या जागी सतराच कशा भरल्या, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

अकराचं संरूपण दोन, आठ, एक असं येत होतं आणि अॅल्युमिनियमची संयुजा तर तीन. हे जुळेना. मी थोडा वेळ विचार केला आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची चूक झाली आहे असं ठरवलं. त्याला सांभाळून घेत मी पुढे लिहिलं की अॅल्युमिनियमचे दोन अणू आणि कॅल्शियमचे तीन अणू मिळून अॅल्युमिनियम कॅल्शाइड हे संयुग तयार होतं. ते पांढरं आणि अतिशय कठीण असतं. उपयोगांत लिहिलं की त्याची भांडी करतात आणि ती हाडांना चांगली असतात.

बाहेर आल्यावर आत्या वडाखाली उभी होती. मी तिला धीर द्यायला गेले. म्हटलं, तो अकरा-सतराचा प्रश्न जरा फसवा होता, नाही? ती म्हणाली, फसवा कसला, मीठ तर होतं. सोडियम आणि क्लोरीन. उपयोग लिहायला पुरवणी घेतली तिने. मिठागरावर खपणाऱ्यांची, मासे खारवणाऱ्यांची सगळी माहिती लिहून आली होती.

"पण क्लोरीन कुठे होता?" मी म्हटलं, आणि पापडीचे खांब तेव्हा कुठे मला आठवले. "काल काकांनी तोडून नेला ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे चुकले ते तिला लगेच कळलं, कारण तिथेच उभ्या उभ्या तिने बोटांवर मोजलं आणि सतराला थांबली. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. "अगं, केळ तोडली म्हणून जागा जाते का?" ती म्हणाली. "बुडाशी पिल्लं उभी आहेत दोन-दोन. मी पिल्लं मोजली."

वाडीत जन्मलेल्या मुलीला हे कळायला हवं होतं. घड झाला की केळ तोडायचीच असते, आणि तोडली तरी बुडाच्या कोंबांमुळे तिथे केळ असतेच. आमच्याकडे पोरंसुद्धा हे जाणतात. मला सारणी येत होती, केळ येत नव्हती. हे मी आत्ता म्हणते. तेव्हा मी वसईपासून घरापर्यंत रडत आले आणि आत्या माझं परीक्षेचं पॅड घेऊन पुढे चालत होती.

घरी काकांना हे कळलं तेव्हा ते गंभीर झाले. वहिनी, मी पापडीला जाऊन तिन्ही खांब परत आणू का, असं आईला विचारत होते. पोरीचं वर्ष जाईल म्हणून. आजोबा म्हणाले, लग्न लागलं, आता काय.

मार्च संपला, एप्रिल-मे कसे गेले ते मला आठवत नाही. आत्या मात्र रोज बाजाराला जायची आणि उशिरा यायची. एकदा मीही तिच्यामागून गेले. ती बालवाडीच्या खिडकीशी उभी होती. आत आता दोन सतरंज्या आणि एक फळा येऊन पडला होता. पलीकडच्या ओट्यावर सरपंचांच्या मेव्हणीची मुलगी बसली होती आणि तीही आत बघत होती.

निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते. विज्ञानात बावन्न. आत्याला एकसष्ट. शाळेतल्या सरांनी दोन्ही गुणपत्रिका आलटूनपालटून पाहिल्या, मला वाटतं नावं चुकली असावीत अशी त्यांना शंका आली.

आत्या घरी आलीच नाही. अंगावर घरातली साडी, पायांत आईच्या चपला, तशीच ती गुणपत्रिका घेऊन सरपंचांकडे गेली. मी तिच्यामागून धावत पोचले. सरपंच ओसरीवर पाय सोडून बसले होते. त्यांनी कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. विज्ञानापाशी अडखळले.

"हे कशाला आणलंस गं?" ते म्हणाले. "बालवाडीत पोरांना विज्ञान लागत नाही. त्यांचे शेंबूड पुसायचे असतात."

"लागत नाही?"

"नाही. दहावीचा कागद हवा, एवढंच. वर पाठवायला."

आत्या त्या कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, चार वेळा दिलेल्या परीक्षा तिच्या डोळ्यांसमोरून जात असतील. मग तिने शांतपणे विचारलं की खोलीची किल्ली कोणाकडे असते. सरपंचांनी आतून किल्ली मागवली आणि तिच्या हातावर ठेवली. ती सरळ निघाली. पोरं सोमवारपासून यायची होती, पण तिला फळा कुठल्या भिंतीला लावायचा ते आत्ताच बघायचं होतं.