ताट धुतलेलं पाणी

अप्पांनी चपला काढल्या. घड्याळ काढलं. मोबाइल, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, पाकीट, सगळं माझ्या टेबलावर रचलं. शेवटी चष्माही काढला. मग श्वास रोखून वजनकाट्यावर चढले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"किती?" चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नव्हता.

"मागच्या वेळेएवढंच."

"गळ्यातलं वजा केलं का?"

अप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते काही कुणी काट्यासाठी उतरवत नाही.

"अप्पा, देवाचं वजन किती धरायचं?"

"देवाचं धरू नका म्याडम. चांदीचं धरा."

चांदीचं धरलं तरी काटा ढिम्म. अप्पा खाली उतरले, चष्मा लावला, स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघितला आणि खुर्चीत बसून राहिले. एरवी मी त्यांची थट्टा केली असती. त्या दिवशी केली नाही, कारण त्या काट्यावर फक्त अप्पा नव्हते. त्यांची बायकोही होती.

मी लातूरच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. म्हणजे लोकांनी काय खावं ते सांगणारी. माझं स्वतःचं वजन हा या लेखाचा विषय नाही, वाचकांनी तिकडे लक्ष देऊ नये. अप्पांनी दिलं होतं. पहिल्या भेटीत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी आदबीनं विचारलं होतं, "डाएटवाल्या म्याडम कुठं बसत्यात?"

अप्पांचं औशाला कापडाचं दुकान. बायको महानंदाक्का. अक्कांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्या आमच्याकडे डायलिसिसला येत. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीननं करायचं. रक्त बाहेर काढायचं, गाळायचं, परत आत सोडायचं. पण अलीकडे ते त्यांना सोसेना. मशीनवर असतानाच बीपी घसरायचं, पाय वळायचे, दोनदा तर शुद्ध हरपली. यावर खरा उपाय ट्रान्सप्लांट. कुणाची तरी किडनी हवी. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि किडनी देणारा माणूस घरातच निघाला. अप्पा!

फक्त एक अडचण. अप्पांचं पोट. एवढ्या वजनाच्या माणसाचं ऑपरेशन करायचं, वर त्याला एका किडनीवर आयुष्य काढायला सांगायचं, यात त्याच्या जिवाला धोका. सोलापूरच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, "दहा किलो उतरवून या. मग डोनर म्हणून फिट."

सुरुवातीला अप्पांनी कमाल केली. त्यांचा खरा शत्रू चहा होता. गिऱ्हाईक आलं की चहा, आणि गिऱ्हाइकाला एकट्याला चहा पाजणं शोभत नाही म्हणून सोबत आपलाही. लग्नसराईत तर एकेका बस्त्याला तीन फेऱ्या, गोडमिट्ट. मी म्हटलं, कपात गरम पाणी घ्या. ते तेही इतक्या चवीनं भुरकायला लागले की गिऱ्हाइकं विचारत, "अप्पा, हा कोणता चहा?" संध्याकाळची भजी गेली. जेवणात एक भाकरी, पातळ वरण, पालेभाजी, काकडी. किलोमागून किलो उतरले. शर्ट अंगावर लोंबायला लागले.

आणि मग काटा अडकला.

वजन अडकतं, हे आम्हाला नवीन नाही. शरीरही सरकारी कचेरीसारखं आहे, मध्येच फाइल थांबवतं. पण चार-सहा आठवडे इंचभरही हलू नये? मी ताटाचा फोटो रोज व्हॉट्सॲपवर मागवत होते. फोटो बघून माझीच उपासमार झाल्यासारखं वाटे.

आमचे किडनीचे डॉक्टर, म्हणजे माझे बॉस, म्हणाले, "मॅडम, तुमचा पेशंट चोरून खातोय."

"सर, माझे सगळेच पेशंट चोरून खातात. मी चेहरा बघून सांगते, पेढा की भजी. हा माणूस खात नाहीये."

"मग काय, हवा खाऊन वजन टिकवतो? अक्कांचं ड्राय वेट बघितलंत?"

ड्राय वेट म्हणजे डायलिसिसनं अंगातलं जादा पाणी काढल्यावर उरतं ते खरं वजन. अक्कांचं ते घसरत चाललं होतं. त्या झडत होत्या. ज्याचं उतरायला हवं त्याचं उतरेना, जिचं उतरायला नको तिचं थांबेना. सर म्हणाले, "अजून अशक्त झाल्या तर त्यांचंच ऑपरेशन करता येणार नाही. मग अप्पा बारीक होऊन काय उपयोग?"

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. सांगून जाऊ नये. जेवायच्या वेळी जावं. रविवारी एका नातेवाइकाकडचं बारसं आटोपून येताना मी औशात उतरले आणि बरोबर भाकरीच्या वेळेला अप्पांच्या दारात उभी राहिले.

"अगं बाई, म्याडम!" अक्का पदर सावरत आल्या. "सांगून तरी यायचं. काही गोडधोड केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी माझ्या सवयीनं स्वयंपाकघरात डोकावले. अक्का चुलीशी बसूनच काम करत होत्या, मध्येच भिंतीला टेकत होत्या. पण भाकरी स्वतःच थापायच्या. सगळं जिथल्या तिथं. वरणाची दोन पातेली.

"दोन कशाला?"

"एक ह्यांचं डाएटचं. बिनफोडणीचं," अक्का म्हणाल्या. आवाजात अगदी देवळातला सात्त्विकपणा.

आम्ही जेवायला बसलो. माझ्या वरणावर त्यांनी तुपाची धार धरली. मी नको-नको म्हटलं, अर्थातच पुरेसं हळू. अप्पांच्या ताटात तुपाचा थेंब नाही. घोटलेलं पिवळंधमक वरण, भाकरी, काकडी. फोटोत दिसायचं तेच ताट. मी हरले, असं मनात म्हटलं आणि भाकरी मोडली.

अप्पांचं जेवण झालं. आता त्यांच्याकडची एक रीत सांगते. अन्न म्हणजे प्रसाद. ताटात कण टाकायचा नाही. अप्पा तर जुन्या वळणाचे. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं ताट निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अप्पांनी माठातलं गार पाणी ताटात ओतलं, बोट फिरवलं, ताट उचलून तोंडाला लावलं.

"थांबा!" मी ओरडले.

अप्पांचे हात हवेत. अक्कांचा हात पदराला. मी उठून ताटात वाकून बघितलं. गार पाण्यावर पिवळे ठिपके तरंगत होते. एक नाही, दोन नाही, चांगली जत्रा भरली होती. गरम वरणात घोटून घातलेलं तूप दिसत नाही. गार पाण्यात ते गोठतं आणि वर येऊन उभं राहतं.

मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी चुलीकडे बघितलं.

"अक्का, किती?"

अक्कांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच, "पळीभर. भाकरीच्या पिठातबी थोडं."

"का?"

"का म्हंजी? बघा की कसे दिसायलेत. गळ्याची हाडं वर आलीत. शर्टात माणूस न्हाई, हँगर हाय नुस्ता." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "म्याडम, एक जण पडलंय तेवढं बास हाय. त्यांचं पोट फाडायचं, आतलं काढून मला घालायचं... अन् उद्या त्यांची दुसरीबी बिघडली तर? कुणाच्या तोंडाकडं बघू मी? वजन उतरलं न्हाई तर डॉक्टर घेतच न्हाईत म्हणले. मी म्हणलं, बरं झालं. मला जायचंच हाय तर एकटीला जाऊ द्या."

मी आयुष्यात भरपूर बोलले आहे. मला गप्प करणं ही सोपी गोष्ट नाही. त्या दिवशी माझी बोलायची पाळीच आली नाही.

बोलले ते अप्पा. ताट अजून हातातच होतं. "मला ठाव हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तूप. दुसऱ्याच दिवशी कळलं. चाळीस वर्सं तुझ्या हातचं खाऊन राहिलो, बिनतुपाचं वरण मला वळखू येणार न्हाई व्हय?"

अक्का त्यांच्याकडे वळल्या. "मग बोललाव का न्हाई?"

"बोललो असतो तर तू म्हणली असतीस, मला तुमची किडनी नको. एकदा तोंडातून गेलं की तू काय माघारी घेणारी बाई न्हाईस. म्हणून गप बसलो. अन् चालायलो."

"चालायलो म्हंजी?"

"पहाटं मी महादेवाला जातो म्हणत होतो न्हवं? जातो. पण देवळातून किल्ल्याकडं वळतो, त्याला फेरा मारतो अन् मग घरी येतो. संध्याकाळी वसुलीला म्हणून जातो, तवाबी तेच. कुणाकडं वसुली न्हाई का काही न्हाई. तू घालून राहिलीस, मी चालून राहिलो."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. काटा अडकला नव्हता! काट्याच्या एका बाजूला अक्कांची पळी होती, दुसऱ्या बाजूला अप्पांच्या चपला. दोघं आपापल्या बाजूनं जीव खाऊन ओढत होते, आणि मी लातुरात बसून शरीराच्या फाइलीला दोष देत होते.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत ते मला कळेना. त्यांनाही कळत नसावं. मग म्हणाल्या, "म्हणून चपला झिजल्या होय. मी म्हणलं, देवळात कुणी बदलल्या."

"पायाचे तळवे बघ की," अप्पा म्हणाले. "अन् ऐक. तू गेलीस तर वरणात चोरून तूप कोण घालंल मला?"

मी उठून परसात गेले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. एक तुळस आणि एक वाळत घातलेली चादर. मी दोन्ही बराच वेळ बघितल्या.

परत आल्यावर मी धंद्याचं बोलले. "अक्का, तुपाशी माझं भांडण नाही. ते चुकीच्या ताटात पडतंय. डायलिसिसच्या माणसाला ताकद लागते. मीठ, पाणी, बटाटा, टोमॅटो यावर बंधन आहे, तुपावर तुम्ही स्वतःच घातलंत. आजपासून ती पळी तुमच्या ताटात. आणि वाढणार अप्पा."

"हे?" अक्कांना जोरात हसू आलं. "ह्यांनी चुलीजवळ कधी पाय ठेवला न्हाई."

"किल्ल्याला फेरा मारता येतो, तर चूल काय लांब आहे?"

पण प्रेमाच्या बोलण्यानं भीती जात नाही, आणि अक्कांची भीती काही वेडगळ नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना समोर बसवलं. अप्पांच्या तपासण्या एकेक करून दाखवल्या. धोका शून्य नाही, हेही लपवलं नाही. मग मी माझा हुकमी एक्का काढला. नांदेडजवळच्या मुदखेडचे एक गुरुजी. त्यांनी फार पूर्वी भावाला किडनी दिलेली. मी मूळची नांदेडची, म्हणून ओळख. गुरुजी रेल्वेनं आले, डायलिसिस वॉर्डात अक्कांच्या शेजारी बसले आणि ऑपरेशनचं सोडून तासभर शाळेतल्या पोरांच्या तक्रारी सांगत राहिले. गुरुजी गेल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "लई बोलतो माणूस. धाप न्हाई लागत."

काटा पुढच्याच भेटीला हलला. अप्पांनी पहिल्यांदा थापलेली भाकरी नकाशासारखी झाली, असं अक्कांनीच सांगितलं. कुठल्या देशाच्या ते त्या सांगेनात. पण खाल्ली, तुपासकट. त्यांचं ड्राय वेट घसरायचं थांबलं, मग हळूहळू वर आलं. अप्पा दहा किलो उतरले. सोलापूरच्या सर्जननी दोघांना एकाच दिवशी टेबलावर घेतलं. शुद्धीवर आल्यावर अक्कांचा पहिला प्रश्न, "ह्यांनी जेवलं का?" नर्सनं सांगितलं, "आज कुणीच जेवणार नाही, आजी."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. अप्पा ठणठणीत. किल्ल्याचा फेरा आता उघडपणे चालू आहे. अक्का मात्र परवा माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. ट्रान्सप्लांटनंतरच्या काही गोळ्यांनी भूक खवळते. अक्का गोल झाल्यात. आता वजन त्यांनी उतरवायचंय, आणि अप्पांचं स्वयंपाकघर काही सुटलेलं नाही, वरण अजून तेच घोटतात.

मी दोघांकडे बारीक नजरेनं बघितलं. "ताटाचा फोटो रोज हवा."

"पाठवू की," अप्पा म्हणाले. फार पटकन.

"जेवणाआधीचा नको. जेवण झाल्यावरचा. गार पाणी ओतून."

तेव्हापासून हा नियम मी माझ्या सगळ्या पेशंटांना लावला आहे. औशाहून रोज धुतलेल्या ताटाचा फोटो येतो. पाणी स्वच्छ, आरशासारखं. फक्त एकदा त्यावर एक लहानसा पिवळा ठिपका तरंगत होता. खाली अप्पांचा मेसेज होता: "आज लग्नाचा वाढदिवस. एकच थेंब. तिला माहीत न्हाई."

त्याच्या खाली, त्याच फोनवरून, अक्कांचा: "माहीत हाय."